मेक्सिकोच्या द्राक्षखोऱ्यात जेवायचं कुठे, कधी आणि काय विचारून

सोलापुरातून सॅन डिएगो, अर्व्हाइन, लॉस एंजेलिसला मुलांकडे तीन-चार महिने राहायला जाणारी मंडळी आता गल्लोगल्ली सापडतात. त्यातले नान्नज-बार्शीकडचे बागायतदार असतील तर तिकडच्या द्राक्षबागा बघितल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही, आणि मुलं त्यांना उचलून नापाला नेतात. नापा सॅन डिएगोहून आठशे किलोमीटरच्या पुढे आहे. उलट दक्षिणेला, सीमा ओलांडून दोन तासांत, मेक्सिकोचं सगळ्यात मोठं वाइनचं खोरं आहे: वाये दे ग्वादालूपे. बागा तिथेही आहेत आणि जेवण नापाहून स्वस्त. शिवाय ते बहुतेक ठिकाणी बागेतच, उघड्यावर, लाकडाच्या जाळावर शिजतं. हे टिपण त्या जेवणाबद्दल आहे. वाइनचं ओघाने येईल.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. या खोऱ्यात जेवण फसतं ते बहुतेक वेळा वार आणि वेळ चुकल्यामुळे. हॉटेल चांगलंच असतं, पण बंद असतं, किंवा स्वयंपाकघर आवरायला लागलेलं असतं, किंवा तुम्ही दोन वायनरींवर चीजचे तुकडे खाऊन भूक घालवून बसलेले असता.

तिथे मोठं जेवण दुपारी दोन ते पाच या वेळात होतं. नाश्ता सकाळी आठपासून बारापर्यंत, आणि तोही भरपूर. रात्रीचं जेवण हलकं, आणि गावाबाहेरची बरीच ठिकाणं अंधार पडल्यावर लवकर आवरतात. आपण सोलापूरकर साडेबाराला ताट मागतो. त्या वेळी तिथला आचारी नुकती भट्टी पेटवत असतो. लाकडाचे निखारे झाल्याशिवाय मांस लावत नाहीत. म्हणून साडेबाराला पोचलात तर अर्धवट तयारीतलं खाणं मिळतं, अडीच-तीनला गेलात तर तेच स्वयंपाकघर भरात असतं. सोमवार, मंगळवार आणि पुष्कळदा बुधवारही सुट्टीचे. शुक्रवार ते रविवार सगळं उघडं, पण शनिवारी सॅन डिएगो आणि सीमेपलीकडचं तिख्वाना शहर, दोन्हीकडची निम्मी गर्दी तिथे लोटते. गुरुवार किंवा शुक्रवार सगळ्यात चांगला. रविवारी जायचं तर सकाळीच जा. संध्याकाळी सीमेवरच्या रांगेत तासन्‌तास जातात.

दिवसाचा हिशेब असा बसतो. सकाळी सहाला सॅन डिएगो सोडायचं, सान इसिद्रोला सीमा ओलांडायची, समुद्राकाठचा टोलचा रस्ता धरायचा. तीन टोलनाके लागतात. शेवटचा सान मिगेलचा नाका ओलांडला की एल साउसालजवळ डावीकडे हायवे ३ फुटतो. साडेआठच्या सुमारास तुम्ही नाश्त्याच्या टेबलावर असता. अकराला एक वायनरी, साडेबाराला दुसरी, तिसरी नको. तीनला जेवण. बस्स. दिवसाला एकच मोठं जेवण झेपतं. नाश्ता आणि दुपार दोन्ही ठिकाणी हात सैल सोडला तर दुपारच्या आठ पदार्थांपैकी चौथ्यालाच पोट हात जोडतं आणि पैसे मात्र आठांचे जातात.

नाश्त्यासाठी एल पोर्वेनिर गावाजवळची 'ला कोसिना दे दोन्या एस्तेला' ही जागा सगळे सांगतात आणि बरोबरच सांगतात. साधं घरगुती स्वयंपाकघर, सिनालोआ प्रांताची चव, गव्हाच्या ताज्या तोर्तिया, म्हणजे तिकडच्या पोळ्या, मक्याच्या कोवळ्या दाण्यांचे जाडसर गोड हॉटकेक, आणि मातीच्या भांड्यातली दालचिनी-गुळाची कॉफी, 'काफे दे ओया'. हॉटेलांना तारे देणाऱ्या मिशेलिनने २०२४ मध्ये मेक्सिकोचं पहिलं मार्गदर्शक काढलं तेव्हा या जागेला 'बिब गूरमाँ' दिलं, म्हणजे माफक पैशात उत्तम जेवण. परिणाम ठरलेला: शनिवार-रविवारी दहानंतर रांग. आठ-साडेआठला पोचलात तर बसायला जागा मिळते. मांसाहारी माणसाने तिथे 'बोर्रेगो तातेमादो' मागवावं, मंद आचेवर तासन्‌तास भाजलेलं मेंढ्याचं मांस. मात्र तिथलाच दुसरा प्रसिद्ध पदार्थ 'माचाका कोन वेवो', म्हणजे अंड्यात परतलेलं सुकं मांस, हे गाईचं असतं. मेनूवर चित्र बघून बोट ठेवणाऱ्यांची इथेच गफलत होते.

दुपारच्या जेवणाच्या जागा दोन जातींच्या. एक, ज्यांना तिथे 'काम्पेस्त्रे' म्हणतात: बागेत मांडव, उघडी भट्टी, मेनूवरून हवं ते मागवा, चौघांत वाटून खा. हाविएर प्लासेन्सिया या शेफचं 'फिंका आल्तोसानो' हा त्याचा प्रसिद्ध नमुना. दुसरी जात ठरलेल्या क्रमाने येणाऱ्या सहा-आठ छोट्या पदार्थांची. तिथे अडीच-तीन तास बसायची तयारी लागते. २०२४ मध्ये मिशेलिनचा एकेक तारा मिळालेल्या खोऱ्यातल्या तीन जागा म्हणजे 'आनिमालोन', 'दामियाना' आणि 'कोन्चास दे पिएद्रा'. आनिमालोन हेही प्लासेन्सियाचंच, एका जुन्या भल्यामोठ्या ओक वृक्षाखाली मांडलेलं. दामियाना 'विन्या दे फ्रानेस' या वायनरीच्या आवारात. कोन्चास दे पिएद्रा 'कासा दे पिएद्रा' वायनरीत, आणि तिथे शिंपले-कालवं व फसफसणारी वाइन हाच मुख्य कारभार. शाकाहारी माणसाला तिथे नेणं म्हणजे निव्वळ छळ. ड्र्यू डेकमन या शेफचं 'डेकमन्स एन एल मोगोर' हे मोगोर-बादान या मळ्यातच आहे. भाजी मळ्यातली, मासे जवळच्या एन्सेनादा बंदराचे, चूल लाकडाची. तारा बघून जागा निवडायची असेल तर जरूर निवडा, पण घरातले वडीलधारे बरोबर असतील तर काम्पेस्त्रे बरी. ठरलेल्या क्रमाच्या जेवणात लहान लहान बशा येत राहतात आणि 'जेवण कधी येणार' हा प्रश्न तिसऱ्या बशीपासून सुरू होतो.

यादीत नसलेली जागा स्वतः हेरायची असेल तर आधी लाकडाचा ढीग बघा. ओक, मेस्कीट, ऑलिव्ह किंवा जुन्या द्राक्षवेलींचं लाकूड रचलेलं दिसलं, आणि दीडच्या सुमारास धूर निघत असला, तर स्वयंपाक खरंच तिथे होतो. मेनू एका पानाचा किंवा फळ्यावर खडूने लिहिलेला असणं चांगलं लक्षण. मासा रोज बदलतो म्हणून फळा बदलतो. लॅमिनेट केलेल्या जाड मेनूत बर्गर, सुशी, पास्ता आणि टाको एकत्र दिसले तर पाणी पिऊन उठावं. फोटोसाठी झोपाळे आणि डीजेचा मंच असलेल्या जागा ऑगस्टमध्ये फार दिसतात. तिथे पैसे देखाव्याला जातात. गुगलवरच्या ताऱ्यांपेक्षा शेवटच्या महिन्यातले फोटो बघा, कारण या खोऱ्यात शेफ जागा बदलतात, जागा नावं बदलतात, आणि जुनी स्तुती तशीच लोंबत राहते. कोणत्या वारी उघडं आहे हे त्यांच्या इन्स्टाग्रामवर बघावं, बुकिंग बहुतेक जण व्हॉट्सअॅपवर घेतात. आणि सगळ्यात कामाचा प्रश्न वायनरीत वाइन ओतणाऱ्या मुलीला विचारायचा: 'दोन्दे देसायूना उस्तेद?' तुम्ही स्वतः नाश्ता कुठे करता? 'चांगलं हॉटेल कुठलं' असं विचारलंत तर ती पाहुण्यांसाठीची जागा सांगेल. असं विचारलंत तर सान आन्तोनियो दे लास मिनासमधली एखादी टपरी सांगेल, आणि तिथे मेंढ्याचे टाको निम्म्याहून कमी पैशात मिळतात.

पत्त्याची एक गंमत समजून घ्या, नाहीतर फिरत बसाल. हायवे ३ वरचे पत्ते किलोमीटरमध्ये असतात आणि मोजणी तेकाते गावापासून सुरू होते. एन्सेनादाच्या बाजूने आलात तर आकडे उतरत जातात. समुद्राकडून आत येताना आधी सान आन्तोनियो दे लास मिनास लागतं, मग बरंच पुढे फ्रान्सिस्को सार्को आणि त्याच्या समोरच्या अंगाला एल पोर्वेनिर. हायवे सोडला की बहुतेक रस्ते मातीचे. नकाशा दहा मिनिटं म्हणतो तिथे वीस धरा. आत गेल्यावर मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही, म्हणून नकाशा सीमेपलीकडे जायच्या आधीच उतरवून ठेवा. हिवाळ्यात, म्हणजे डिसेंबर ते मार्च, तिथला पाऊस पडतो. तेव्हा मातीच्या रस्त्यात खाली टेकणारी गाडी रुतते आणि उघड्यावरची हॉटेलं ऐनवेळी बंद ठेवतात. पावसाच्या दिवशी निघण्याआधी व्हॉट्सअॅपवर 'आब्रेन ओय?', म्हणजे आज उघडं आहे का, एवढं विचारून घ्या.

आता ताटाकडे. सोलापुरात लिंगायत, जैन, मारवाडी घरं शाकाहारी, बाकीच्यांना मटण चालतं पण गाय चालत नाही, मुसलमान घरांना डुक्कर चालत नाही. मेक्सिकोच्या उत्तरेत गाय आणि डुक्कर ही दोन्ही रोजची. तेव्हा चार शब्द पाठ करा. 'रेस' म्हणजे गाय-बैलाचं मांस, 'सेर्दो' किंवा 'पुएर्को' म्हणजे डुक्कर, 'बोर्रेगो' म्हणजे मेंढा, 'पोयो' म्हणजे कोंबडी. नुसतं 'कार्ने आसादा' किंवा 'आर्राचेरा' लिहिलेलं असेल तर ते गाईचंच. 'चोरीसो', 'तोसीनो', 'चिचार्रोन' ही डुकराची. 'तुएतानो' म्हणजे नळीतला मगज, तोही गाईचा. 'कोदोर्निस' म्हणजे लावा पक्षी. या खोऱ्यात तो जाळावर फार छान भाजतात, आणि मटण-कोंबडी खाणाऱ्याला बिनधास्त मागवता येतो.

शाकाहाऱ्याचा घात दिसणाऱ्या मांसाने होत नाही, लपलेल्या चरबीने होतो. उसळीसारखी दिसणारी, घोटलेल्या राजम्याची 'फ्रिहोलेस' पुष्कळदा डुकराच्या चरबीत परततात. गव्हाच्या तोर्तियातही तीच चरबी मोहन म्हणून पडू शकते. लाल भात कोंबडीच्या पाण्यात शिजवलेला असतो. 'मोले' नावाच्या रश्श्यात आणि 'चिलाकिलेस'च्या, म्हणजे सॉसमध्ये घोळवलेल्या तळलेल्या तोर्तियाच्या तुकड्यांच्या, सॉसमध्येही तेच पाणी असू शकतं. 'सोय वेखेतारियानो', मी शाकाहारी आहे, एवढंच म्हटलंत तर वेटर मासा घेऊन येतो, कारण बऱ्याच जणांच्या लेखी मासा म्हणजे मांस नव्हे. म्हणून पूर्ण सांगा: 'सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो, सिन मारिस्कोस', म्हणजे मांस, कोंबडी, मासा, शिंपले-कोळंबी काही नको. मग दोन प्रश्न: 'येवा मान्तेका?' यात चरबी आहे का? 'येवा काल्दो दे पोयो?' यात कोंबडीचं पाणी आहे का? 'मान्तेकिया' असं उत्तर आलं तर ते लोणी, चिंता नको.

बिनघोर काय खावं? मक्याच्या तोर्तिया. त्यात चुन्याच्या पाण्यात शिजवून दळलेला मका असतो, मोहन नाही. घोटलेल्याऐवजी 'फ्रिहोलेस दे ला ओया' मागा, म्हणजे नुसती शिजवलेली; तरी चरबीचा प्रश्न विचाराच. निवडुंगाची पानं, 'नोपालेस', निखाऱ्यावर भाजून चीजबरोबर देतात. भेंडीसारखी किंचित बुळबुळीत, पण लिंबू पिळलं की उत्तम. भोपळ्याच्या फुलांची केसादिया, म्हणजे चीज भरून दुमडलेली तोर्तिया, भाजलेल्या मिरच्यांच्या पट्ट्या घातलेलं 'राखास कोन केसो', निखाऱ्यावरची कणसं, भाजलेलं बीट, ताजी भाजी या सगळ्यात खोरं श्रीमंत आहे, कारण बऱ्याच हॉटेलांच्या भाज्या आजूबाजूच्या मळ्यातून येतात. 'चिले रेयेनो' या भरल्या मिरचीत चीज असलं तरी वरचं आवरण अंड्याचं असतं. चीजमध्ये प्राण्याचं रेनेट, म्हणजे दूध घट्ट करायला वापरलेलं वासराच्या पोटातलं द्रव्य, असू शकतं. कडक पाळणाऱ्यांनी ते धरून चालावं. सीझर सॅलड हे हिरवं पान बघून मागवू नका: त्याचा जन्म १९२४ चा, तिख्वानातला, आणि त्याच्या ड्रेसिंगमध्ये अँकोव्ही मासा नाहीतर माशापासून बनलेला सॉस असतो. 'क्लामातो' घातलेल्या पेयात शिंपल्याचा रस असतो. ठरलेल्या क्रमाच्या जेवणासाठी शाकाहाराची सूचना बुकिंगच्या वेळीच द्या. टेबलावर बसून सांगितलंत तर मासा काढून तीच बशी येईल, अर्धी रिकामी.

तिखटाबद्दल सोलापूरकराची निराशा होते, हे खरं. उत्तरेचं जेवण सौम्य आहे. तिखट बाजूला वाटीत येतं आणि तुम्ही ते मागायचं असतं. 'साल्सा माचा' मागा. तळलेल्या सुक्या मिरच्या, लसूण, पुष्कळदा शेंगदाणे किंवा तीळ, सगळं तेलात बुडालेलं. आपली शेंगा चटणी तेलात भिजवून ठेवावी तशी. शेंगदाण्याची अॅलर्जी असणाऱ्याने आधी विचारावं. दुसरं, 'चिलेस तोरेआदोस', जाळावर भाजलेल्या अख्ख्या मिरच्या. आबानेरोची साल्सा चमचाभर घेऊन शूरपणा दाखवू नका, ती मिरची आपल्या लवंगीच्या पुढची आहे.

समुद्र अर्ध्या तासावर असल्याने कालवं, शिंपले, तूना यांची चंगळ असते. कालवं बहुधा दक्षिणेच्या सान किंतीनच्या उपसागरातून येतात. ज्यांनी आयुष्यात कच्चं कालव खाल्लेलं नाही त्यांनी पहिला प्रयोग प्रवासाच्या दिवशी करू नये. निखाऱ्यावर भाजलेली मागवावीत. 'सेविचे' आणि 'आग्वाचिले' हे लिंबाच्या रसात मुरवलेले, म्हणजे मुळात कच्चेच. नळाचं पाणी पिऊ नका, बाटलीबंद घ्या. वाइन नको असेल तर लाल अंबाडीच्या बोंडांचं गार 'हामायका' सरबत मागा.

वाइन घेणाऱ्यांसाठी थोडकं. इथल्या काही लाल वाइन जिभेला चक्क खारट लागतात. कारण पाणी. पाऊस तुटपुंजा, उपसा जास्त, आणि भूजल खारं होत चाललेलं; ते क्षार मुळांवाटे द्राक्षात येतात. आपल्या बागायतदाराला हे समजावून सांगावं लागणार नाही. वायनरीत चाखताना जी खारट लागली ती जेवणाबरोबर घेऊ नका, साल्साबरोबर ती आणखी खारट लागते. कालवांबरोबर शेनिन ब्लाँक किंवा सोव्हिन्याँ ब्लाँक, मेंढ्याबरोबर तिथलं नेब्बिओलो किंवा तेम्प्रानियो. वायनरीत घेतलेली बाटली हॉटेलात उघडायची असेल तर 'देस्कोर्चे', म्हणजे बाहेरची बाटली उघडायचे पैसे, किती, हे आधी विचारा. आणि बागा बघायला गेलेल्यांनी जुन्या वेलींचे तुकडे शोधावेत: ना मांडव, ना वाय, ना तारा, जमिनीलगत झुडपासारखी छाटलेली, कमी पाण्यावर जगणारी. काढणी जुलैअखेर ते ऑक्टोबर. आपली फेब्रुवारी-मार्चची काढणी उरकून गेलात तर तिथे कोवळी फूट दिसेल.

ऑगस्टमध्ये 'फिएस्तास दे ला वेन्दिमिया' हा काढणीचा उत्सव असतो. वर्णनं वाचून मोह होतो, पण जेवणासाठी तो सगळ्यात वाईट काळ: खोल्यांचे दर चढलेले, टेबल मिळत नाही, स्वयंपाकघरं दमलेली. मे-जून किंवा ऑक्टोबर बरा. डिसेंबर-जानेवारीत दुपार छान, पण सूर्य मावळला की झपकन गारठा पडतो आणि तुम्ही उघड्यावर बसलेले असता. सोलापुरी चादर गाडीत ठेवा, लाजू नका.

पैसे पेसोत द्या. एक पेसो म्हणजे साधारण साडेचार-पाच रुपये. नाश्ता माणशी दोनशे ते चारशे पेसो, काम्पेस्त्रेत पोटभर जेवण सहाशे ते हजार, ठरलेल्या क्रमाचं जेवण वाइनशिवाय दोन हजारांच्या पुढे असा अंदाज धरून निघा आणि बुकिंग करताना खात्री करा. डॉलर घेतात, पण दर त्यांच्या मनाचा. कार्ड यंत्राने 'डॉलरमध्ये की पेसोमध्ये' विचारलं तर पेसो निवडा. यंत्राची रेंज जाते, म्हणून हजार-दीड हजार पेसो रोख खिशात हवेतच. मेनूवरच्या दरात कर धरलेला असतो. बक्षिसी वेगळी, दहा ते पंधरा टक्के. बिलावर 'प्रोपीना' किंवा 'सेर्विसियो' आधीच लावलेलं असेल तर पुन्हा देऊ नका. आणि बिल मागितल्याशिवाय येत नाही. तासभर वाट बघत बसलात तरी वेटर तुम्हाला उठवणार नाही, कारण तसं करणं त्याच्या दृष्टीने उद्धटपणा. 'ला क्वेन्ता, पोर फावोर' म्हणा.

गाडीचं आणि कागदांचं. वैध अमेरिकन व्हिसा किंवा ग्रीन कार्ड असलेल्या भारतीयाला मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही, पण परत येण्यासाठी तो अमेरिकन व्हिसा एकाहून अधिक प्रवेशांचा आणि मुदतीतला हवा. मुलाच्या पासपोर्टवरचा एच-वन बीचा शिक्का मुदत संपलेला असेल तर वकिलाला विचारल्याशिवाय सीमा ओलांडू नका. अमेरिकेतला गाडीचा विमा मेक्सिकोत चालत नाही; दिवसाच्या हिशेबाने मेक्सिकन विमा ऑनलाइन मिळतो. भाड्याच्या गाडीला सीमेपलीकडे परवानगी आहे का, हे कंपनीकडून लेखी घ्या. पिणारे असाल तर चालक ठरवूनच जा. एन्सेनादाहून उबर खोऱ्यात आणून सोडते, पण परत न्यायला संध्याकाळी एकही सापडत नाही, आणि मातीच्या रस्त्यावर अंधारात उभं राहण्यात काही मजा नाही. म्हणून येणाऱ्याच चालकाशी परतीचं बोलून ठेवा.

परतीला सान इसिद्रोऐवजी तेकातेची सीमा धरता येते. हायवे ३ खोऱ्यातून थेट तिकडेच जातो, नाका छोटा आहे, पण रात्री बंद होतो. वेळ बघून निघा. कॅलिफोर्नियात माणशी एक लिटर दारू करमुक्त नेता येते. फळं, भाजी, मांस सीमेवर काढून घेतात, तेव्हा रस्त्याकडेच्या दुकानांतून घ्यायचंच असेल तर ऑलिव्ह तेल घ्या. तेकाते गावात 'एल मेखोर पान दे तेकाते' नावाची बेकरी आहे. रांगेत लागण्याआधी तिथून गोड पाव घ्या, आणि कागदी पिशवी चालकाच्या हाताशी ठेवू नका, नाक्यापर्यंत उरत नाही.